गंगाखेडची जनाबाई

नांदेडच्या घाटास लागण्यापूर्वीं गोदावरी गंगाखेडावरून वाहत येते. गांव परभणी जिल्ह्यांतलें, पण आम्हां नांदेड-लातूरकरांच्या अगदीं शेजारचें. तेराव्या शतकांत जनाबाई येथें जन्मली. दमा व करुंड हीं तिचीं आईबापें, असें परंपरा सांगते. लहानपणींच ती पंढरपुरास दामाशेटी शिंप्याच्या घरीं कामास राहिली. नामदेव त्या घरचाच पुत्र.

दळण, कांडण, पाणी वाहणें, शेण्या वेंचणें यांतच तिचें आयुष्य गेलें. परंतु जात्यावर बसून गावयास कोणाची परवानगी लागत नाहीं. पहाटेच्या अंधारांत जात्याच्या घरघरीबरोबर तिचे शब्द जुळत गेले. विठ्ठलास तिनें कधीं माय म्हटलें, कधीं त्याच्याशीं कडाक्यानें भांडलीही. देव स्वतः येऊन तिला दळूं लागे, ही कथा मुलांनो, तुम्ही घरीं ऐकलीच असेल. आपल्या अभंगांच्या शेवटीं तिनें नाममुद्रा घातली ती दासी म्हणूनच. मला यांत नम्रतेपेक्षां धैर्य अधिक दिसतें.

नामदेवाच्या गाथेंत तिच्या नांवावर सुमारें ३५० अभंग आहेत. ते सर्वच तिचे नसावेत, असें अभ्यासक म्हणतात. मागाहून कित्येकांनीं आपली रचना या मोलकरणीच्या नांवावर घातली असावी! इ. स. १३५० मध्यें पंढरपुरीं तिचा अंत झाला, असें मानतात.

पुढें पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातीं कोपऱ्यांत पडलीं. तरी घरच्या आजीस तिची एखादी ओवी म्हणावयास सांगा. तींत जनीचें नांव पुष्कळदां सांपडतें.