बिऑन सर गप्प का बसत?

मानसशास्त्राच्या पेपरात विल्फ्रेड बिऑन हे नाव मला भेटलं ते जेमतेम दोन मार्कांपुरतं. मग सहज शोधलं तर कळलं, हे गृहस्थ १८९७ साली चक्क मथुरेत जन्मले! वडील पाटबंधाऱ्यांचे इंजिनिअर. आठव्या वर्षी त्यांना इंग्लंडच्या बोर्डिंग शाळेत धाडलं. आयेच्या मांडीवर वाढलेलं ते पोर पुन्हा भारतात आलं नाही.

विशीत पहिल्या महायुद्धात रणगाड्यावर गेले, शौर्यपदक मिळालं. नंतर ऑक्सफर्डला इतिहास, लंडनला डॉक्टरकी, मग टॅविस्टॉक क्लिनिक. तिथे सॅम्युएल बेकेट त्यांचे पेशंट होते (हे आपल्या नाटकवाल्यांसाठी).

दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या नॉर्थफील्ड लष्करी इस्पितळात मनाने खचलेल्या सैनिकांचा वॉर्ड त्यांच्याकडे आला. सैनिकांनी आपापले गट करायचे, कामं ठरवायची, आणि रोज दुपारी एकत्र जमून वॉर्ड कसा चाललाय ते बघायचं. कुणी कामचुकारांची तक्रार आणली, की बिऑन तो प्रश्न परत त्यांच्याच ओंजळीत टाकत. सहा आठवड्यांत वरिष्ठांनी हा प्रयोग बंद पाडला. मला मात्र तो त्यांचा सगळ्यात मोठा धडा वाटतो.

१९४८ पासून टॅविस्टॉकमध्ये ते गट घेऊ लागले. गट चालवायला शिकू पाहणारेही त्यांत येऊन बसत. लोकांना वाटे, साहेब आता व्याख्यान देतील. साहेब गप्प! लोक अस्वस्थ होत, चिडत, कुणीतरी स्वतःच पुढारी व्हायला बघे. मग बिऑन शांतपणे दाखवून देत, की आत्ता इथे हेच चाललंय. कधी गट कुणा त्रात्याच्या तोंडाकडे बघत बसतो, कधी शत्रू शोधून भांडतो नाहीतर पळतो, कधी दोघांच्या गप्पांतून काहीतरी थोर जन्मेल म्हणून वाट बघतो. हाती घेतलेलं काम राहतं बाजूला. या तीन अवस्थांना ते मूलभूत गृहीतं म्हणत. फळ्यावर लिहून दिली असती तर पाच मिनिटांत संपली असती, पण मग ती अंगावर आली नसती. आपल्या मंडळाची गॅदरिंगची मीटिंग आठवा, तिन्ही सापडतील!

हे सगळं १९६१ साली पुस्तकरूपात आलं. १९६८ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले, पुढे ब्राझीलमध्येही शिकवलं. जानेवारी १९८० मध्ये ते मुंबईला यायचे होते, सात दशकांनंतर प्रथमच. ८ नोव्हेंबर १९७९ ला ऑक्सफर्डमध्ये ते वारले.