बिरबल साहनी : शंकू, बीज आणि नाते

रायपूरपासून नागपूरपर्यंतच्या मुलखात साल आणि साग यांची वने आहेत. चीड, देवदार यांसारखे शंकुधारी वृक्ष तेथे निसर्गतः उगवत नाहीत. सबंध द्वीपकल्पीय भारतात या वर्गातील एकच देशी वृक्ष आढळतो, आणि तोही दक्षिणेकडील डोंगरांत. असे असूनही नागपूरजवळच्या टाकळी येथे दगड झालेले शंकू सापडले. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी या परिसरातील जीवाश्म गोळा केले होते. टाकळीच्या शंकूंचे सांगोपांग वर्णन मात्र १९३१ मध्ये बिरबल साहनी यांनी केले. रायपूर आणि नागपूर त्या वेळी एकाच मध्य प्रांतात होते.

साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पश्चिम पंजाबातील भेरा या गावी झाला. वडील रुचिराम साहनी लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मुलांना बरोबर घेऊन हिमालयात पायी प्रवास करीत. लाहोरचे शिक्षण संपवून साहनी १९११ मध्ये केंब्रिजला गेले. तेथे ए. सी. सीवर्ड यांच्या हाताखाली पुरावनस्पतिविज्ञान हा त्यांच्या आयुष्याचा विषय ठरला.

शंकुधारी वृक्षांचे जीवनचक्र संथ असते. चिडाचा शेंडा सरळ वर वाढत जातो, बाजूच्या फांद्या मंडलांनी फुटतात आणि सुईसारखी पाने तीन-तीनच्या जुडग्यांनी आखूड प्रशाखांवर येतात. त्याला फूल नसते आणि खऱ्या अर्थाने फळही नसते. नर-शंकूंतून सुटणाऱ्या प्रत्येक परागकणाला दोन वायुकोश असतात. वाऱ्याबरोबर आलेला कण मादी-शंकूच्या खवल्यांमधून बीजकाच्या मुखाशी येतो, तेथील द्रवबिंदूत अडकतो आणि आत ओढला जातो. परागण झाले म्हणजे फलन झाले असे नव्हे. परागनलिका सावकाश वाढते आणि पाइनमध्ये फलनाला सुमारे एक वर्ष लागते. पुढे शंकू पिकून कठीण होतो, खवले उघडतात आणि पंख असलेले बी वाऱ्यावर दूर जाते. हे बी फळात झाकलेले नसून खवल्यावर उघडे असते. म्हणूनच या वनस्पतींना प्रकटबीज म्हणतात.

साहनी यांचे सुरुवातीचे एक संशोधन परागणाशी निगडित होते. १९१५ मध्ये त्यांनी गिंको या प्रकटबीज वृक्षाच्या बीजकांत परक्या वनस्पतींचे परागकण शिरल्याचे दाखवून दिले. वारा आपपर भाव जाणत नाही. तेव्हा जीवाश्म बीजात सापडलेला पराग त्याच वनस्पतीचा असलाच पाहिजे, असे मानणे धोक्याचे ठरते. सान्निध्य म्हणजे नाते नव्हे, ही शिस्त त्यांच्या पुढील सर्व लेखनात दिसते. संहितांच्या परस्परसंबंधांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकालाही ती अपरिचित नाही.

१९२० मध्ये त्यांनी टॅक्सस या वृक्षाच्या बीजाची तपासणी केली. याचे बी शंकूच्या खवल्यावर येत नाही. आखूड प्रशाखेच्या टोकाला ते एकटेच येते आणि त्याभोवती मांसल लाल पेला असतो. म्हणून टॅक्सस व त्याचे निकटवर्ती यांचा शंकुधाऱ्यांहून वेगळा गण मानावा, असे त्यांनी सुचविले. रूडोल्फ फ्लोरीन यांनी पुढे या मताला बळ दिले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र टॅक्ससचे स्थान शंकुधाऱ्यांतच असल्याचे दाखविले. मत टिकले नाही. परंतु शंकू नसलेल्या या वृक्षाचा उगम कसा झाला, हा त्यांनी पुढे आणलेला प्रश्न खराच होता.

साहनी १९१९ मध्ये भारतात परतले. वाराणसी आणि लाहोर येथे अल्पकाळ अध्यापन करून १९२१ मध्ये ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिविज्ञानाचे प्राध्यापक झाले. भारतीय जीवाश्म शंकुधाऱ्यांचे त्यांनी केलेले पुनरीक्षण दोन भागांत, १९२८ व १९३१ मध्ये, प्रसिद्ध झाले. टाकळीच्या शंकूंना त्यांनी दिलेल्या नावांपैकी टाकलिओस्ट्रोबस या नावात गाव आणि इंडोस्ट्रोबस या नावात देश कायम राहिला. दख्खनच्या लाव्हा-प्रवाहांमधील तळ्यांच्या गाळात हे अवशेष जतन झाले होते. ते लाव्हा तृतीयक कालखंडाच्या आरंभीचे असावेत, असे साहनी यांचे प्रतिपादन होते. अलीकडच्या कालमापनाने त्यांचा मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्या सीमेवरचाच ठरतो.

१९३६ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांचे शेवटचे मोठे कार्य राजमहाल टेकड्यांतील निपानियाच्या जीवाश्मांवरील होय. तेथे खोड, पान आणि बीज धारण करणारे शंकू सुटे सापडत आणि त्यांना नावेही वेगवेगळी होती. १९४८ मध्ये साहनी यांनी अंतर्रचनेच्या आधारे हे अवयव एकाच वनस्पतिसमूहाचे ठरविले आणि त्याला पेंटॉक्सिली असे नाव दिले. गिंकोच्या बाबतीत त्यांनी भासमान नाते नाकारले होते. येथे विखुरलेले खरे नाते जुळविले. दोन्ही ठिकाणी पुराव्याची कसोटी एकच होती.

३ एप्रिल १९४९ रोजी लखनौ येथे त्यांच्या पुरावनस्पतिविज्ञान संस्थेचा पायाभरणी समारंभ पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाला. कोनशिलेत जीवाश्म बसविलेले होते. त्यानंतर आठवडाभरातच, ९-१० एप्रिलच्या रात्री, हृदयविकाराने साहनी यांचे निधन झाले. इमारत उभी राहिलेली नव्हती. पत्नी सावित्री साहनी यांनी संस्थेची धुरा स्वीकारली, आणि २ जानेवारी १९५३ रोजी नेहरूंच्याच हस्ते नव्या वास्तूचे उद्‌घाटन झाले. संस्थेला पुढे बिरबल साहनी यांचेच नाव देण्यात आले.