खुर्च्यांमागचा माणूस : पिएर जानरे

चंदीगढच्या सेक्टर १९ मध्ये नगररचनाकारांचे जुने कार्यालय आहे. २००८ पासून तेथे ल कॉर्ब्युझिए केंद्र हे संग्रहालय आहे. नकाशे, पत्रे, छायाचित्रे असे पुष्कळ काही तेथे जपलेले आहे. पण मी रेंगाळलो तो सागवान आणि वेताच्या खुर्च्यांपाशी. पाय कंपाससारखे फाकलेले, अंगावर नक्षी नाही. केंद्राला नाव कॉर्ब्युझिए यांचे, पण या खुर्च्यांशी नाव जोडले जाते ते त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांचे. या माणसाबद्दल आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे.

जानरे १८९६ साली जिनीव्हात जन्मले. १९२२ पासून दोघा भावांचे पॅरिसमध्ये एकत्र कार्यालय होते. कीर्ती थोरल्याकडे गेली. धाकट्याने त्याचा त्रागा केल्याचे दिसत नाही. १९४० मध्ये मात्र दोघे वेगळे झाले. युद्धकाळात जानरे फ्रान्समधील प्रतिकार चळवळीत होते. पुढे त्यांना पुन्हा एकत्र आणले ते आपल्या पंजाबने! फाळणीत लाहोर गेले, नवी राजधानी हवी होती. १९५१ मध्ये काम सुरू झाले. कॉर्ब्युझिए वर्षातून दोनदा येत आणि परतत. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू तीन वर्षांनी गेले. जानरे राहिले, तब्बल चौदा वर्षे.

रोजच्या कटकटी साहजिकच त्यांच्या वाट्याला आल्या. शिपायांच्या घरांपासून विद्यापीठातल्या गांधी भवनापर्यंत त्यांनी काम केले. कचेऱ्या उभ्या राहिल्या, पण बसायचे कशावर? तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी मिळेल ते लाकूड आणि स्थानिक सुतारांचा हात यांवर भागेल असे सामान आखले. वेतातून हवा खेळते, उन्हाळ्यात पाठीला घाम धरत नाही. खुर्ची मोडली तर गल्लीतला सुतार दुरुस्त करील, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

प्रकृती ढासळल्याने १९६५ मध्ये ते परतले; १९६७ च्या डिसेंबरात जिनीव्हात वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थी चंदीगढच्या सुखना तलावात विसर्जित झाल्या.

पुढे काय झाले? कचेऱ्यांत नवे लोखंडी आणि प्लास्टिकचे फर्निचर आले. जुन्या खुर्च्या गच्चीवर, व्हरांड्यात ढिगाने पडल्या आणि भंगाराच्या भावाने लिलावात गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, साफसूफ केल्या, आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांना लाखोंची बोली लागली. काहींवर आपल्या सरकारी खात्याचा रंगवलेला क्रमांक तसाच होता! २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वस्तूंच्या विक्रीला आणि निर्यातीला मनाई केली. तोवर कित्येक गेल्या होत्या. जानरे यांचे सेक्टर ५ मधले राहते घर २०१७ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे.

संग्रहालयात खुर्चीवर बसता येत नाही, हे योग्यच. तरी वाटते, एखादी तरी चालू कचेरीत कारकुनाच्या टेबलामागे राहायला हवी होती. ती केली होती त्याच्याचसाठी.