पंडिता रमाबाईंनी कोणाचा हुकूम मानला?

पंडिता रमाबाईंचे नाव चळवळीच्या व्यासपीठावरून आदराने घेतले जाते, पण अर्धेच. शास्त्र्यांना निरुत्तर करणाऱ्या, विधवांना आसरा देणाऱ्या रमाबाई भाषणांत येतात. येशू ख्रिस्ताला एकमेव धनी मानून त्याच्या बळावर उभ्या राहिलेल्या रमाबाई मात्र वक्ते सोयीने गाळतात. आम्ही बौद्ध आहोत, ईश्वर मानत नाही. तरीही ज्या शक्तीवर ही बाई लढली ती शक्तीच तिच्या चरित्रातून काढून टाकणे हा तिच्यावर अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे कट्टर सनातनी, पण त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले. तेवढ्यासाठी धर्मसभेपुढे उभे राहून त्यांना शास्त्राधार द्यावा लागला. म्हणजे स्वतःच्या बायकोला अक्षर शिकवायलाही वरून परवानगी हवी! आम्ही हे बिडकीनहून लिहीत आहोत. आमच्या गावावरून जाणारा रस्ता पैठणला पोहोचतो. संन्याशाच्या पोरांना शुद्धिपत्र द्यायचे की नाही हे जिथल्या धर्मपीठाने ठरवले असे परंपरा सांगते, तेच हे पैठण. कोणाला माणूस म्हणायचे याचा निकाल देणारी ही न्यायालये कोणी नेमली होती, हा प्रश्न रमाबाईंच्या साऱ्या आयुष्यात आहे.

पुराणे सांगत, तीर्थे करत हे कुटुंब देशभर पायी फिरले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, बहीणही गेली. इतकी वर्षे ज्या देवांची पूजा केली त्यांतला एकही धावला नाही. १८७८ साली भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण तिथेच धर्मशास्त्रे बारकाईने वाचताना त्यांना एक गोष्ट दिसली. शास्त्रकारांचे आपसात कशावरच एकमत नाही, फक्त एका बाबतीत आहे: स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा अधिकार नाही. स्त्री-शूद्रांना एकाच दावणीला बांधणारी ही व्यवस्था एका ब्राह्मण मुलीने पोथीतूनच ओळखली, ही साधी गोष्ट नव्हे.

१८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केले. ते जातीने शूद्र गणले जात. लग्न १८७२ च्या कायद्याखाली झाले. त्या कायद्याने लग्न करायचे तर आपण हिंदू, ख्रिस्ती वगैरे कोणताच धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. वकील म्हणून आम्हाला ही नोंद फार मोलाची वाटते. मात्र संसार दोन वर्षेही टिकला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले आणि पदरात मनोरमा राहिली.

त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि १८८३ साली इंग्लंड गाठले. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅमचे आश्रयस्थान दाखवले. समाजाने पतित ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने वागवले जात होते. हे कशाच्या बळावर, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. तशा जातीतल्या, बदनाम बाईकडे येशू विहिरीवर पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माची चर्चा करतो. वाचकहो, चवदार तळ्याचा लढा ज्यांच्या रक्तात आहे त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ उठला. महात्मा जोतिराव फुले मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले.

खरी कसोटी पुढेच होती. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली. हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला. बाईने पुरुषांना शिकवणे तिकडच्या लोकांना रुचणार नाही म्हणे! भर सभेत शास्त्र्यांशी वाद घातलेल्या बाईला हा सल्ला! वाँटेजच्या भगिनींनीही बजावले की नव्याने आलेल्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांचे ऐकावे. रमाबाईंनी ऐकले नाही. एका भटशाहीचे जू मानेवरून उतरवले ते दुसरे चढवण्यासाठी नव्हे, हा त्यांच्या पत्रांचा आशय आहे. त्रैक्याचा सिद्धान्त पटेना, तर तसेही कळवले. ख्रिस्ताची आज्ञा मान्य, पण ती कोणाची मक्तेदारी नव्हे आणि तिचा अर्थ आपल्या सद्सद्विवेकबुद्धीने लावण्याचा हक्क आपला. कोर्टाच्या भाषेत सांगायचे तर खालच्या सगळ्या कोर्टांचे अधिकारक्षेत्र त्यांनी नाकारले आणि थेट वर अपील केले.

या अपिलाची किंमत त्यांनी मोजली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढे ते पुण्याला गेले. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या डगमगल्या नाहीत. १८९७ साली प्लेगच्या दवाखान्यांत बायकांचे कसे हाल होतात ते त्यांनी जाहीरपणे मांडले. म्हणजे ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारचीही भीड ठेवली नाही.

आमची एक तक्रार आहे. शारदा सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते. १८८७ चे त्यांचे गाजलेले इंग्रजी पुस्तकही उच्चवर्णीय हिंदू स्त्रीबद्दल होते. महार-मांगांच्या लेकी त्यात कुठे होत्या? १८९६-९७ च्या दुष्काळाने हे दार उघडले. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली गोळा करून आणल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले आणि १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास जीव होते. शेती, विणकाम, छापखाना, अंधांसाठी शिक्षण असे सगळे तिथे चाले. एवढ्यांच्या रोजच्या भाकरीसाठीही त्यांचा भरवसा प्रार्थनेवर होता. आम्हाला तो मार्ग पटत नाही. बाबासाहेबांनी आम्हाला प्रज्ञेचा मार्ग दिला आणि तथागताने स्वतःकडे ईश्वरी अधिकार कधीच घेतला नाही. पण त्या भरवशावर दीड हजार पोटे भरली, हे नाकारायला आमच्याकडे पुरावा नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले. संस्कृत पंडिता असूनही भाषा अशी ठेवली की शेतात राबणाऱ्या बाईला कळावी. मधल्या पुरोहिताची गरजच उरू नये, हा हिशेब त्यामागे होता. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. त्या आघातानंतरही काम थांबले नाही. भाषांतर पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.