पेशीवरची खुंटी : फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट

१९१८ च्या मानमोडीने, म्हणजे इन्फ्लुएंझाने, आपल्याकडे घरेच्या घरे ओस पाडली. त्या रोगाचा विषाणू पेशीला धरतो तरी कशाने, या शोधात बर्नेट यांनी उमेदीची वर्षे वेचली. ऑस्ट्रेलियातील ट्रॅरॅल्गन येथे १८९९ मध्ये त्यांचा जन्म झाला. लहानपणी भुंगेरे जमविण्यात रमणारा हा अबोल मुलगा पुढे मेलबोर्नच्या हॉल संस्थेचा संचालक झाला.

१९४१ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांना दिसले, की हा विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींना चिकटतो, काही वेळाने आपोआप सुटतो. मग मात्र त्या पेशींना नवा विषाणू चिकटत नाही. जणू जाताना तो खुंटीच मोडून जातो! बर्नेट व त्यांच्या सहकाऱ्यांना १९४६ मध्ये हेच सामर्थ्य पटकीच्या जंतूंतील एका विकरात आढळले. पटकीच्या जंतूने इन्फ्लुएंझाची वाट अडवावी, हे केवढे नवल! ती खुंटी, म्हणजे पेशीवरील ग्राही, सायालिक आम्लयुक्त असते, हे त्यांचे सहकारी गॉटशाल्क यांच्या संशोधनातून उलगडले. विकर देऊन रोग टाळण्याची आशा मात्र फळली नाही. पेशी नव्या खुंट्या घडवीतच राहतात.

१९६० चे नोबेल पारितोषिक बर्नेट यांना मिळाले, ते प्रतिरक्षेवरील वेगळ्याच कार्यासाठी. १९८५ मध्ये ते निवर्तले. २००९ साली स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यात रुग्णांना दिलेल्या टॅमिफ्लूच्या गोळ्या विषाणूच्या अंगचे असलेच विकर निकामी करतात. मग नवे विषाणू पेशीवरच अडकून पडतात.