प्रकाशाचा उपासक

विजेचे दिवे गावोगावी पोहोचण्यापूर्वी लग्नमंडपात, कीर्तनात आणि जत्रेत पेट्रोमॅक्सची बत्ती जळत असे. तिच्या काचेआड एक जाळीदार पिशवी असे. तिला मँटल म्हणतात. ती पांढऱ्या तेजाने झळकू लागली, की सारा मांडव उजळून निघे. या मँटलचा जनक म्हणजे ऑस्ट्रियाचा थोर रसायनशास्त्रज्ञ कार्ल औअर हा होय.

कार्लचा जन्म १ सप्टेंबर १८५८ रोजी व्हिएन्ना येथे झाला. त्याचे वडील सरकारी मुद्रणालयाचे प्रमुख होते. परंतु कार्ल दहा वर्षांचा असतानाच त्यांचे छत्र हरपले. पुढे उच्च शिक्षणासाठी तो जर्मनीतील हायडेलबर्गला गेला. तेथे बुन्सेन या विख्यात गुरूंच्या हाताखाली त्याला विरल मृत्तिका धातूंच्या अभ्यासाची गोडी लागली. हे धातू परस्परांशी इतके मिळतेजुळते, की त्यांना वेगळे करणे म्हणजे दुधातून पाणी निवडणेच! त्या काळी डिडिमियम हे एकच मूलद्रव्य मानले जाई. औअरने त्याचे क्षार विरघळवून स्फटिक पाडण्याची क्रिया पुनःपुन्हा केली आणि १८८५ साली त्यातून दोन मूलद्रव्ये वेगळी काढली. हिरव्या क्षारांचे ते प्रासिओडिमियम आणि गुलाबी क्षारांचे ते निओडिमियम.

याच सुमारास त्याने सुती जाळी अशा क्षारांच्या द्रावात भिजवून पेटवली. सूत जळून गेले. पण धातूंच्या भस्माची जाळी उरली आणि ज्योतीवर झळकू लागली. १८८७ साली कारखाना निघाला. परंतु मँटल ठिसूळ होता व त्याचा उजेड हिरवट पडे. ग्राहक पाठ फिरवू लागले आणि १८८९ साली कारखाना बंद पडला.

औअर मात्र खचला नाही. थोरियम जसजसे शुद्ध करावे, तसतसा त्याचा उजेड मंदावतो, हे त्याच्या ध्यानी आले. तेव्हा तेज देणारे द्रव्य त्या अशुद्धीतच असले पाहिजे! शोधाअंती ते सेरियम निघाले. थोरियमच्या भस्माचे ९९ भाग व सेरियमच्या भस्माचा १ भाग, हे प्रमाण त्याला १८९१ साली सापडले आणि त्याचा मँटल जगभर पोहोचला. थोरियम ज्या मोनाझाइट वाळूतून मिळते, ती १९०९ साली त्रावणकोरच्या किनाऱ्यावरही आढळली. थोरियम किरणोत्सारी असल्यामुळे पुढे अनेक देशांनी मँटलमधील त्याचा वापर सोडला.

विजेच्या दिव्यासाठी ऑस्मियम धातूची तार औअरनेच बनवली. चाक फिरवताच ठिणग्या देणारा लायटरमधील सेरियम व लोखंडाचा खडाही १९०३ साली त्यानेच दिला. ४ ऑगस्ट १९२९ रोजी तो निवर्तला.

आज या कुळातील धातू निर्वात पात्रात तापवतात आणि त्यांच्या वाफेचा, केसाहूनही कितीतरी पातळ असा थर काचेवर वा चकतीवर बसवतात. पात्रात हवा नसल्यामुळे वाफेचे कण अडखळत नाहीत व तापलेला धातू हवेशी संयोग पावत नाही. अशा थरासाठी धातू अत्यंत शुद्ध लागतो. विद्यार्थीमित्रहो, ज्या अशुद्धीकडे इतरांनी कचरा म्हणून पाहिले असते, तिच्यातच औअरला प्रकाश सापडला. कारण अपयशाचे कारण शोधल्यावाचून तो उठला नाही.