बालपणीचे दुःख आणि उत्तरायुष्यातील कार्य : श्रीगाडगेबाबांचे चरित्र

एकाच घरात, एकाच परिस्थितीत वाढलेली दोन मुले पुढे भिन्न वळणाची निघतात, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. मद्यपी पित्याचा एक मुलगा मद्यपी होतो. दुसरा मद्याला आयुष्यात शिवत नाही. बालपणीचे प्रसंग मनुष्यास घडवितात असे म्हणावे, तर एकाच प्रसंगापासून अशी परस्परविरुद्ध फळे का निघावीत? या शंकेचे समाधान केवळ तर्काने होणारे नव्हे. त्यास एखाद्या चरित्राचा दृष्टांत हवा, आणि तो श्रीक्षेत्र ऋद्धिपूर ज्या अमरावती जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात जन्मलेल्या श्रीगाडगेबाबांच्या चरित्रात सापडतो.

अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट समाजातील झिंगराजी जाणोरकर व सखुबाई या दांपत्याच्या पोटी दि. 23 फेब्रुवारी 1876 रोजी बाबांचा जन्म झाला. घरातील नाव डेबूजी. घराणे कष्टाळू होते, परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे देवाच्या नावाने पशूचा बळी द्यावा आणि त्याबरोबर मद्यप्राशन करावे, हा कुळाचार होता. देवाचा प्रसाद म्हणून घरात आलेले मद्य हळूहळू झिंगराजींचे व्यसन झाले. व्यसनाने शरीर पोखरले, होते नव्हते ते गेले, आणि 1884 मध्ये झिंगराजी निवर्तले. त्या वेळी डेबूजींचे वय अवघे आठ वर्षांचे होते.

असे मृत्यू त्या काळी गावोगाव होत असत. घरातील कर्ता पुरुष गेला की देवाचा कोप झाला, नवस चुकला, कोणी करणी केली, नाहीतर प्रारब्धच खोटे, असे म्हणून लोक मन शांत करीत. कोप झालेल्या देवास पुन्हा बळी द्यावयाचा आणि पुन्हा मद्य पाजावयाचे, हाच त्यावरील उपाय ठरे. म्हणजे ज्याने पिता नेला तेच मुलाच्या हाती येई. डेबूजींच्या घरी मात्र निराळे घडले. अंतकाळी झिंगराजींना पश्चात्ताप झाला. आपल्या नाशाचे मूळ मद्यात व मद्य मागणाऱ्या देवकार्यात आहे हे त्यांनी पत्नीजवळ मान्य केले आणि मुलाला या मार्गापासून दूर ठेवण्यास बजावले, असे चरित्रकार सांगतात. सखुबाईंनी ते मनावर घेतले. पित्याचे छत्र हरपल्याचे दुःख डेबूजींच्या वाट्याला इतर अनाथ मुलांइतकेच आले. परंतु त्या दुःखाबरोबर त्याचे खरे कारणही त्यांना कळले. पुढील सर्व चरित्राचे बीज येथे आहे.

पतिनिधनानंतर सखुबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आल्या. तेथे डेबूजी गुरे राखू लागले. गोठा झाडावा, शेण काढावे, जनावरांस पाण्यावर न्यावे, अंग धुवून काढावे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पुढे नांगर हाती आला आणि शेतीच्या कामात त्यांनी नाव मिळविले. दिवसा शेत आणि रात्री भजन, असा काळ चालला होता.

तेथे दुसरा आघात झाला. मामा चंद्रभानजी हे सरळ मनाचे आणि अक्षरशत्रू शेतकरी होते. सावकाराच्या कर्जाचा पाश त्यांच्या गळ्याभोवती आवळला गेला. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नसल्याने सावकार सांगेल तो हिशेब आणि दाखवील तेथे अंगठा, अशी स्थिती होती. अखेर जमीन हातची जाण्याची वेळ आली आणि त्या धसक्याने चंद्रभानजींचा अंत झाला. ज्या घरात आश्रय मिळाला तेच घर उघडे पडलेले डेबूजींनी पाहिले. येथेही दैवास बोल लावून बसणे सोपे होते. डेबूजींनी कारण शोधले, आणि ते त्यांना दोन ठिकाणी दिसले: ऋण काढण्याच्या सवयीत आणि निरक्षरतेत. शेताचा ताबा घ्यावयास आलेल्या सावकाराच्या माणसांपुढे हा तरुण निर्भयपणे उभा राहिला, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

डेबूजींचा विवाह 1892 मध्ये कुंताबाईंशी झाला. प्रथम कन्या झाली तेव्हा बारशाचा प्रसंग आला. ज्ञातिरिवाजाप्रमाणे मांस आणि मद्य यांचे भोजन द्यावयास हवे होते. डेबूजींनी दोन्ही वर्ज्य करून गोडाचे जेवण घातले. जातभाई संतप्त झाले, देवाचा कोप होईल असे भय घालण्यात आले. परंतु ते ढळले नाहीत. अमुक केल्याने देव कोपतो आणि अमुक केल्याने प्रसन्न होतो, या बोलण्याची किंमत आठव्या वर्षीच त्यांच्या घराने मोजली होती. उत्तरायुष्यातील उपदेशाचा पहिला पाठ असा त्यांनी स्वतःच्या उंबऱ्याच्या आत गिरविला, ही गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

दि. 1 फेब्रुवारी 1905 रोजी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती काठी आणि मातीचे गाडगे, एवढाच परिग्रह. भिक्षा मागावी, त्याच गाडग्यात खावे आणि पुढच्या गावी निघावे. गावात शिरल्यावर ते प्रथम रस्ता झाडीत. गोठा झाडण्याची बालपणीची सवय आता गावाच्या उपयोगी पडली. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे यात्रेकरूंना चिखलातून नदीत उतरावे लागे, म्हणून त्यांनी तेथे श्रमाने घाट उभा केला.

त्यांच्या कीर्तनाची पद्धती पाहिली म्हणजे बालपणाचा धागा आणखी स्पष्ट होतो. ते शास्त्रप्रवचन करीत नसत. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच मुखातून काढून घेत. घरात दारिद्र्य का, कर्ज कशासाठी काढले, देवासमोर मारलेल्या बकऱ्याने कोणाचे भले झाले, असे विचारीत विचारीत ते श्रोत्यास त्याच्या दुःखाच्या मुळापर्यंत नेऊन सोडीत. मरणाऱ्या पित्याने जे एका पत्नीजवळ सांगितले, तेच पुत्राने पन्नास वर्षे हजारोंच्या समुदायापुढे वदवून घेतले. ऋण काढून लग्न वा सण करू नये, प्रसंगी ताटाविना भाकरी हातावर घेऊन खावी पण मुलांस शिकवावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यामागे चंद्रभानजींचा अंगठा होता.

कार्याचा विस्तार पाहिला तरी हेच दिसते. पोरके होऊन परक्या छपराखाली वाढलेल्या मुलाने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे निराश्रित यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. ज्या तालुक्यात गुरे राखली त्याच मूर्तिजापुरात गोरक्षणाची सोय केली. स्वतः एक अक्षर न शिकलेल्या पुरुषाने विद्यालये व वसतिगृहे उभी करविली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लक्षावधी रुपयांच्या वास्तू त्यांच्या शब्दावर उभ्या राहिल्या; परंतु स्वतःसाठी एक खोली राखली नाही, आणि आप्तांचा त्यांवर हक्क राहणार नाही अशी व्यवस्था करून ठेवली. दि. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीनजीक, पेढी नदीच्या परिसरात, प्रवासातच त्यांचे देहावसान झाले.

आता दार्ष्टांतिक पाहू. बालपणीचे दुःख हे बीजाप्रमाणे असते. परंतु त्यातून काय उगवेल हे त्या दुःखाचा अर्थ मुलास कोण व कसा सांगतो यावर पुष्कळसे अवलंबून असते. झिंगराजींचा मृत्यू देवाच्या कोपाने झाला असे सखुबाई म्हणाल्या असत्या, तर शेंडगावात आणखी एक भयभीत, कदाचित आणखी एक मद्यपी तरुण निपजला असता. पती गेलेल्या, आधार तुटलेल्या त्या मातेस खोट्या समजुतीचा आसरा घेणे किती सोपे होते! तिने तो घेतला नाही. लेकरू लहान आहे, त्यास काय कळते, असे म्हणून वडील माणसे घरातील अरिष्टाचे कारण झाकून ठेवतात आणि आपण मुलाचे रक्षण केले असे मानतात. त्या झाकणाखाली तेच अरिष्ट पुढच्या पिढीसाठी जतन होत असते. मुलापासून दुःख दूर ठेवणे सर्वांच्या हाती नसते. त्या दुःखाचे खरे नाव त्यास सांगणे मात्र दरिद्री, निरक्षर, विधवा मातेच्याही हाती असते, आणि एका गुराख्याचे गाडगेबाबा होण्यास तेवढा आरंभ पुरला.